न झालेल्या सामन्यांचा अभ्यास : प्रस्तावना

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव असो की दादरचं शिवाजी पार्क, चार खेळवेडे जमले की एक वाद ठरलेला असतो. त्या वेळची टीम आज असती तर आजच्या पोरांना उभं राहू दिलं असतं का? वाद घालणाऱ्याला उत्तर आधीच पाठ असतं आणि ते बहुतेक त्याच्या वयावर ठरतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जो संघ पाहिला, तोच माणसाच्या लेखी जन्मभर सर्वांत भारी. या पुस्तकाचा विषय हाच वाद आहे. आवाज चढवून तो मिटत नाही हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहेच. आकडेमोड करून तो निदान नीट मांडता येतो का, हे इथं पाहायचं आहे.

उद्योग नवा नाही. १९६७ साली मरे वोरोनर या अमेरिकी रेडिओ निर्मात्यानं निरनिराळ्या काळांतल्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकाला पुरवून एक स्पर्धाच भरवली आणि लढतींचं धावतं वर्णन खऱ्यासारखं रेडिओवर ऐकवलं. त्यात महंमद अली जुन्या जमान्यातल्या जिम जेफ्रीजकडून हरला. अली भडकला, थेट कोर्टात गेला. पुढं अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांना रिंगणात उतरवून लुटुपुटीच्या लढतीचं चित्रीकरण झालं, तेही वेगवेगळे शेवट घेऊन. जानेवारी १९७० मध्ये ते चित्रपटगृहांत लागलं तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानोला जिंकताना पाहिलं. तोवर मार्सियानो विमान अपघातात गेलेला होता. युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला. यंत्र तेच, लढत तीच, निकाल गिऱ्हाईक बघून! आपल्या अभ्यासाच्या जन्मातच ही खोड आहे आणि नव्या वाचकानं ती पहिल्या पानावर समजून घेतलेली बरी.

गंभीर काम त्याआधीच सुरू झालं होतं. दोघांपैकी कोण सरस याचा अंदाज जोडीजोडीनं झालेल्या तुलनांवरून बांधण्याची रीत ब्रॅडली आणि टेरी या संख्याशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडली. बुद्धिबळात आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं त्याच वाटेनं गुणांकनाची पद्धत बसवली आणि जागतिक संघटनेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचं अंतर असेल तर वरचढ खेळाडूनं शंभरातले साधारण ७६ गुण मिळवावेत, एवढं सरळ तिचं म्हणणं. पण एलोचे गुण एकमेकांशी खेळणाऱ्यांमध्ये फिरतात. जे कधी एकमेकांसमोर आलेच नाहीत त्यांचं काय, हा खरा प्रश्न तिथून पुढं सुरू होतो.

जगात या प्रश्नावर सर्वांत जास्त शाई बास्केटबॉलवाल्यांनी खर्च केली आहे. १९९५-९६ चा शिकागो बुल्स संघ ७२ सामने जिंकला आणि १० हरला. २०१५-१६ चा गोल्डन स्टेट वॉरियर्स ७३ जिंकला, ९ हरला. दोघांना सात सामन्यांच्या मालिकेत भिडवायचं म्हटलं की पहिली अडचण जमिनीवर आखलेल्या रेषेची. तीन गुणांची कमान १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत सगळीकडून २२ फुटांवर आणलेली होती. वॉरियर्सच्या वेळी ती वरच्या बाजूला २३ फूट ९ इंचांवर होती. दर सामन्यात वॉरियर्स त्या रेषेबाहेरून बुल्सच्या जवळपास दुप्पट फेकी करत, आणि एकट्या स्टीफन करीनं त्या हंगामात ४०२ वेळा तिथून बास्केट केली. उलट बुल्सच्या काळात बचाव करणाऱ्याला चेंडू घेऊन येणाऱ्याच्या अंगाला हात लावून त्याला अडवायची बरीच मुभा होती. ती पुढं काढून घेतली गेली. मग सामना कुणाच्या नियमांनी खेळवायचा? पहिला चेंडू उडायच्या आधीच निम्मा निकाल या प्रश्नावर लागलेला असतो. आणखी एक खोच म्हणजे ७३ विजयांचा तो वॉरियर्स संघ अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊन शेवटी ४-३ नं हरला. नुसते हंगामाचे आकडे भरलेलं यंत्र त्याला हसत हसत विजेता ठरवील.

आपल्याकडं या अभ्यासाला सर्वांत भरघोस सामग्री आहे ती मुंबईच्या रणजी संघाची. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ विजेतेपदं. आजवर एकूण ४२, शेवटचं मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून. म्हणजे एकाच नावाचे, एकाच शहराचे, पण एकमेकांना कधीही न भेटलेले कितीतरी बलाढ्य संघ. या पुस्तकातली मुख्य स्पर्धा त्यांतल्याच चार संघांमध्ये आहे: विजय मर्चंट यांचा १९४४-४५ चा, अजित वाडेकर यांचा १९७२-७३ चा, सचिन तेंडुलकरचा १९९४-९५ चा आणि अजिंक्य रहाणेचा २०२३-२४ चा.

पहिल्या दोघांचे अंतिम सामने शेजारी ठेवून पाहा. १९४४-४५ मध्ये होळकर संघाविरुद्ध मुंबईनं ४६२ आणि ७६४ धावा केल्या; होळकरांनी ३६० आणि ४९२. मर्चंट यांच्या दुसऱ्या डावात २७८, तर युद्धकाळात हिंदुस्थानात आलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून २४९ धावांवर नाबाद राहिला. एकूण २०७८ धावा, मुंबई ३७४ नं विजयी. आता १९७२-७३ चा अंतिम सामना, चेपॉकवर तमिळनाडूशी. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. चारही डावांच्या धावा मिळून ४०५, म्हणजे आधीच्या सामन्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षक जागेवर बसेपर्यंत खेळ आटोपला होता. पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले.

नवशिक्या अभ्यासक इथं सरासरी काढायला धावतो. दोन्ही खेळपट्ट्यांची सरासरी काढली की जी खेळपट्टी तयार होते, तिच्यावर आजवर कुणीही खेळलेलं नाही. त्यापेक्षा खेळाडूला त्याच्याच सामन्यातल्या इतरांशी ताडून पाहावं. चेपॉकवर तमिळनाडूचे २० गडी १४१ धावांत गेले. त्यांतले १३ शिवलकरांनी ३४ धावांत घेतले आणि उरलेले ७ गडी १०७ धावांना पडले. चेंडू सगळ्यांचाच वळत होता. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते आणि मुंबईचाही दुसरा डाव ११३ वर आटोपला होता. तरीही शिवलकर आणि बाकीचे यांच्यातलं अंतर उरतंच, आणि काळाच्या पलीकडं न्यायचं ते हे अंतर. १६ धावांत ८ हा आकडा चेपॉकवरच ठेवून यायचा. (कारकिर्दीत ५८९ बळी घेणाऱ्या या माणसाला भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही. कसोट्यांचेच आकडे भरणारी यंत्रं त्यांना ओळखतही नाहीत, म्हणून या पुस्तकात स्थानिक क्रिकेटला झुकतं माप आहे.)

अंतर काढलं तरी दोन काळ जोडायचे कसे? यासाठी साखळी लागते. मर्चंट यांच्या शेवटच्या वर्षांत पॉली उम्रीगर खेळत होते, उम्रीगर यांच्या उतारवयात वाडेकर, वाडेकरांच्या वेळी सुनील गावस्कर, पुढं दिलीप वेंगसरकर, मग तेंडुलकर, मग रहाणे. प्रत्येक जण मागच्याच्या आणि पुढच्याच्याही काळात काही वर्षं उभा आहे. सात माणसांत ऐंशी वर्षं पार होतात. साखळीचा दोष असा की मधली कडी खेळत असतानाच म्हातारी होत जाते. वयाच्या पस्तिशीतला खेळाडू विशीतल्या पोराकडून झाकला गेला, तर पोरगा मोठा की म्हातारा थकला? याचं उत्तर देताना अभ्यासक आपापसांत भांडतात. दुसऱ्या प्रकरणात ते भांडण सविस्तर आहे.

नियमांची गाठ मुंबईच्या बाबतीतही सुटत नाही. १९४८-४९ मध्ये मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना पुण्यात झाला आणि त्यात २३७६ धावा निघाल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यात तेवढ्या धावा आजवर पुन्हा झालेल्या नाहीत. तो सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. आज बाद फेरीचा सामना ठरावीक दिवसांत संपला नाही तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची, तो पुढं जातो. मर्चंट यांच्या संघाला पाच दिवसांत बसवलं तर त्याची चिवट फलंदाजी त्याला आघाडी मिळवून देईलही. पण त्या फलंदाजीचा खरा दरारा सहाव्या-सातव्या दिवशी होता. म्हणून आम्ही प्रत्येक लढत दोन्ही संघांच्या नियमांनी खेळवली आहे आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापले आहेत. कुठल्या अटींवर कोण जिंकलं हे न सांगता नुसतं विजेत्याचं नाव छापणारं पुस्तक हाती लागलं तर ते खुशाल मिटून ठेवावं.

मग संघ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न. पंधरा वर्षांच्या त्या दबदब्यात मुंबईचे कसोटीवीर रणजीला हजर असत. दिलीप सरदेसाई रणजीत मुंबईकडून कधी पराभूत संघात नव्हते, ही गोष्ट त्याच भरभक्कम अकरांमुळं घडली. आज भारतीय संघाच्या भरगच्च कार्यक्रमामुळं पहिल्या फळीचे खेळाडू मुंबईला क्वचितच मिळतात. आम्हा बीडकरांना यात नवल वाटत नाही. इथल्या गावांतले कितीतरी कबड्डीपटू दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि गाळपाचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर परततात. त्यामुळं श्रावणातला संघ निराळा, माघातला निराळा आणि टोळ्या परतल्यावर चैत्राच्या जत्रेतला निराळा. नाव मात्र तिन्ही वेळा गावाचंच. असा संघ यंत्रात भरताना महिना लिहिलाच पाहिजे. मुंबईच्या बाबतीत आम्ही त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात प्रत्यक्ष उतरलेले अकराच घेतले. कागदावरचे सर्वोत्तम अकरा घेण्याचा मोह मोठा असतो, पण तो संघ कुठल्याच मैदानावर उतरलेला नसतो.

आता नशिबाची बाजू. १९९०-९१ च्या अंतिम सामन्यात मुंबईला ३५५ हव्या होत्या. तेंडुलकरच्या ९६ आणि वेंगसरकरांच्या नाबाद १३९ धावांनंतरही ३५२ वर सगळे बाद झाले आणि हरियाणा २ धावांनी जिंकला. तोच सामना हजारदा खेळवता आला असता तर निम्मे निकाल उलटे लागले असते, असं समजायला हरकत नाही. यंत्र नेमकं तेच करतं. एकच लढत हजारो वेळा खेळवतं आणि किती वेळा कोण जिंकलं ते मोजतं. यातून एक हिशेब डोक्यात पक्का बसवून घ्यावा. एखादा संघ समोरच्याला एका सामन्यात ६० टक्के वेळा हरवत असेल, तर सात सामन्यांच्या मालिकेत तो साधारण ७१ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे बास्केटबॉलची मालिका बलवानाच्या बाजूची असते आणि रणजीचा एकच अंतिम सामना दुबळ्याला जास्त संधी देतो. अमोल मुझुमदार यांच्या नेतृत्वाखालचा २००६-०७ चा मुंबई संघ पहिले तीन सामने हरूनही विजेता ठरला, तो हंगाम याच नजरेनं वाचावा.

राहता राहिली कबड्डी, आणि खरं सांगायचं तर या पुस्तकाची निकड मला तिच्यामुळंच वाटली. कबड्डीचे जुने प्रकारच तीन: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा उठतो. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये गडी बाद होतच नाही, फक्त गुण चढतो. आजची कबड्डी संजीवनीच्या अंगानं गेली आहे. तरीही २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि तिच्याबरोबर तीस सेकंदांची चढाई, दोन कोऱ्या चढायांनंतरची करो या मरो चढाई, तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला जादा गुण असं बरंच काही आलं. मातीची जागा मॅटनं घेतली, अनवाणी पायांत बूट आले. २०१५ चा विजेता यू मुंबा आणि २०२४ मध्ये जिंकलेला पुणेरी पलटण यांना भिडवणं सोपं आहे. प्रत्येक चढाईची नोंद आहे. पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या मातीवरच्या नामांकित संघाला त्यांच्यासमोर आणायचं तर हाती काय असतं? वर्तमानपत्रातला अंतिम गुणफरक, एखाद्या चढाईपटूचं कौतुक आणि म्हाताऱ्या पंचांची आठवण. चढाया किती झाल्या, कोऱ्या किती गेल्या, लोण कितव्या मिनिटाला पडला, काहीच नाही.

आठवण टाकाऊ नसते, पण ती धोकादायक असते, कारण तिच्यात पकडी उरतात आणि सुटलेले गडी गळून जातात. क्रिकेटच्या स्कोअरबुकात भोपळासुद्धा लिहिलेला असतो, म्हणून मर्चंट आजही खेळू शकतात. अर्थात स्कोअरबुकही कधी अर्धवट राहतं. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद असताना काठेवाडच्या संघानं सामना सोडून दिला. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. आमच्या यंत्रात त्या डावाची नोंद ‘नाबाद, सामना थांबला’ अशीच भरलेली आहे. पुढच्या नऊ धावा कल्पनेनं जोडायच्या नाहीत, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

वाचकानं कुठून सुरुवात करावी? गणिताची भीती वाटत असेल तर चौथं प्रकरण आधी वाचावं. त्यात चार मुंबईंची स्पर्धा चेंडू चेंडू सांगितली आहे. गणित येत असेल तर दुसऱ्यापासून. आणि ज्यांच्या गावात अजून जत्रेची कबड्डी होते, त्यांनी थेट परिशिष्ट उघडावं. तिथं कोरे तक्ते आहेत. रकाने सहाच: चढाईचा क्रमांक, चढाई करणारा, समोर उभे गडी किती, गुण किती, कोण बाद झालं आणि घड्याळातलं मिनिट. तक्ता भरायला खेळ समजणारी दोन माणसं पुरतात, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. बोनसच्या गुणावर वाद झाला तर पंचांनी दिलेला निर्णय लिहावा आणि गावकऱ्यांचं मत मागच्या बाजूला.

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड