कंदिलाचा पत्रा

रायपूरच्या बूढापाऱ्यात आमच्या आजोबांच्या ओसरीवर खुंटीला एक कंदील टांगलेला असे. घरात विजेचे दिवे येऊन कित्येक वर्षे लोटली होती. तरीही दर दिवाळीला आजी तो उतरवी, राखेने त्याची काच लख्ख पुशी आणि पुन्हा खुंटीला लावी. त्याच्यावर ‘प्रभाकर’ हे नाव होते. कंदिलाचे सारे महत्त्व काचेत आणि वातीत आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती. पत्र्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले.

बूढा तालाबाच्या काठची ही वस्ती जुनी आहे. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच वस्तीत आहे. १८७७ साली किशोरवयीन नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, रायपूरला आले, तेव्हा नागपुरापासूनची वाट त्यांना बैलगाडीने कंठावी लागली होती. रेल्वे त्यानंतरची. ती आली आणि रॉकेलचे डबे गावोगाव पोचणे सोपे झाले. तेल संपले की डबा वाया जात नसे. त्याची बादली होई, धान्याचे माप होई, कोणाच्या तरी छपराचे भोक त्याने बुजे. कात्री, हातोडी आणि ऐरण एवढ्या सामग्रीवर पत्र्याचे काम करणारा कारागीर बाजारात आपले पोट भरू लागला.

आपल्याकडे पत्र्याचे काम मात्र रॉकेलच्या डब्याहून पुष्कळच जुने आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी याची साक्ष देते. तांबट तांब्याला ठोकून आकार देतो. ठोकता ठोकता धातू कडक होतो, आणि तसाच ठोकत राहिल्यास तडकतो. म्हणून त्याला मधून मधून भट्टीत तापवून मऊ करावे लागते. शेवटी भांडे मठारतात, म्हणजे हातोडीचे नेमके घाव शेजारी शेजारी देत जातात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. वास्तविक त्या घावांनी भांड्याच्या अंगात ताठपणा येतो. पातळ पत्र्याचे बळ त्याच्या जाडीत नसून त्याला दिलेल्या आकारात असते, हे तांबटाला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

कंदिलाच्या पत्र्यालाही हाच नियम लागू पडतो. वाऱ्यात न विझणारा नळ्यांचा कंदील अमेरिकेत जॉन अर्विन या संशोधकाने १८६८ नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या केवळ आधारासाठी आहेत, असे आपल्याला वाटते. खरे पाहता वरून येणारी हवा त्या नळ्यांतून खाली ज्योतीपर्यंत पोचते. म्हणजे जो सांगाडा, तोच श्वासमार्ग! अशा नळीला जोडाशी फट राहिली, तर ज्योत फडफडू लागते.

टाकीचे काम याहून कठीण. पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवून वरून दट्ट्याने दाबली की तिची वाटी होते. कडेवरची पकड सैल पडली तर काठाला चुण्या पडतात, आणि ती फार घट्ट झाली तर पत्रा फाटतो. खोल वाटी हवी असेल तर ती एका दाबात होत नाही. दाबाचे टप्पे पाडावे लागतात. पुढे तळाचा आणि अंगाचा काठ एकमेकांत दुमडून आवळतात व ती शिवण झाळून बंद करतात. पत्र्यावर उठवलेल्या कंगोऱ्यांनी त्याला बळकटी येते. तांबटाची मठार इथे यंत्राच्या रूपाने पुन्हा भेटते. ती शिवण पाझरली तर मात्र कारखानदाराचे नुकसान थोडे आणि गवताने शाकारलेल्या घराचे सर्वस्वाचे.

कराडच्या रेल्वे स्थानकापाशी ओगलेवाडीत ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये किर्लोस्करांना जागा दिली होती. तोच आश्रय ओगल्यांनाही लाभला. ‘प्रभाकर’ कंदील याच कारखान्याचा. हा कारखाना उभा राहिला, तेव्हा कथिलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा भारतात तयार होत नव्हता. असा पत्रा पुरवणारा देश म्हणून वेल्सची एकोणिसाव्या शतकात ख्याती होती. जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे टाटा आणि बर्मा ऑइल यांच्या सहकार्याने १९२० साली टिनप्लेट कंपनी स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तेथे पत्रा निघू लागला. तिच्यामागची मुख्य निकड होती रॉकेलच्या डब्यांची.

पत्रा परका असेल तर कंदील स्वदेशी कसा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण पत्रा पैसे टाकून आणता येतो. दट्ट्याचा दाब किती, काठ कोठे दुमडावा, शिवण कशी झाळावी, हे ज्ञान आयात केलेल्या गाठोड्यात बांधून येत नाही. ते हातांना शिकावे लागते. हात शिकले नसते, तर पुढे देशात झालेला पत्राही परक्या वस्तूंच्याच कामी आला असता.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ३ फेब्रुवारी १९५९ रोजी रूरकेल्याच्या आणि दुसऱ्याच दिवशी भिलाईच्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई आमच्या रायपूरची शेजारीण. तिने देशाला रेल्वेचे रूळ दिले, १९८३ पासून जाड पोलादी पाटे दिले. पातळ पत्र्याचे काम मात्र रूरकेल्याच्या वाट्याला गेले. दारातल्या भट्टीचा उजेड रात्री आकाशात दिसावा आणि घरातल्या बादलीचा पत्रा दुसऱ्या गावाहून यावा, असा हा योग!

ओगलेवाडीतला तो कारखाना आता चालू नाही. कंदिलाची गरज सरली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. घराघरांत वीज आली, हे चांगलेच झाले. मागच्या दिवाळीत मी आजीचा कंदील खाली उतरवला. काचेला तडा गेला होता, वात कुजली होती. सहज म्हणून टाकीत पाणी भरले आणि रात्रभर कोरड्या कागदावर ठेवली. सकाळी कागद कोरडाच होता.