कारागिराची हत्यारपेटी : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

श्रमाचा इतिहास लिहिताना अभ्यासक हत्यारांकडे वळतो. ती हत्यारे ज्यात ठेवली जात त्या पेटीकडे सहसा वळत नाही. वास्तविक सुताराने करवतीचे पाते लोहाराकडून वा दुकानातून घेतले असले, तरी पेटी मात्र तो बहुधा स्वतःच करतो. तिची लांबी त्याच्या करवतीवरून ठरते, कप्पे कामाच्या क्रमावरून. या अर्थाने ती एक दस्तऐवज आहे. तो कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन युरोपीय उदाहरणांच्या आधारे केला आहे.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मास्टरमीर येथे 1936 मध्ये, पाण्याचा निचरा केलेल्या दलदलीत नांगरणी करताना व्हायकिंग काळातील ओक लाकडाची पेटी सापडली. लांबी सुमारे 90 सें.मी. आणि भोवती लोखंडी साखळी. तेथे मिळालेल्या दोनशेहून अधिक वस्तूंत सुतारकामाची व लोहारकामाची हत्यारे एकत्र आहेत. सुतार आणि लोहार हे स्वतंत्र बलुतेदार मानण्याची सवय असलेल्या आपल्या अभ्यासकांनी याची विशेष नोंद घ्यावी. इंग्लंडची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका 1545 मध्ये बुडाली व 1982 मध्ये वर काढली गेली. तिच्यावरील सुतारांच्या सामानात लोखंडी पाती बहुतांशी गंजून गेली. रंध्यांचे ठोकळे आणि लाकडी मुठी मात्र टिकल्या.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 1796 च्या डिसेंबरात इंग्लंडमधील चॅटम येथील बेंजामिन सीटन या तरुणासाठी वडिलांनी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडून हत्यारांचा संच विकत घेतला. पुढील वर्षी बेंजामिनने त्यासाठी स्वतः पेटी तयार केली आणि हत्यारांची किमतींसह यादीही लिहून ठेवली. आज ही पेटी रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. अठराव्या शतकातील हत्यारांच्या अभ्यासाला इतका समृद्ध पुरावा क्वचितच मिळतो. परंतु ती हत्यारे जवळजवळ न वापरलेली आहेत, आणि म्हणूनच ती टिकली!

अडचण नेमकी येथे आहे. एक पेटी दलदलीत गेली, दुसरी समुद्रात, तिसरी फारशी कामाला लागलीच नाही. रोजच्या कामाच्या पेट्या यांत नाहीत. शिवाय या झाल्या झाकणाच्या पेट्या. कामाच्या जागी हातात नेला जाणारा उघडा खोका याहून साधा असतो : तळाची फळी, दोन बुटक्या कडा, दोन उंच टोके आणि त्यांतून आरपार गेलेला दांडा. दांडा उंच असल्याने वजन त्याच्याखाली लोंबते व खोका उचलताना कलंडत नाही. त्यावर लोक बसतात, उभे राहतात. तो पावसात भिजतो आणि मोडला की जळणात जातो. जो सर्वाधिक वापरला गेला त्याचाच पुरावा सर्वात कमी, हे अभ्यासकाने गृहीत धरले पाहिजे.

येथे एक घरगुती निरीक्षण अप्रस्तुत ठरू नये. आमच्या वडिलांनी मागच्या पडवीत पेटाऱ्याच्या फळ्यांपासून असाच खोका केला होता. पाचसहा पावसाळ्यांत त्याचा तळ कुजला आणि फळ्या पाणी तापविण्याच्या बंबात गेल्या. दांडा जुन्या फावड्याचा होता. तो मात्र त्यांनी आधी ठोकून बाहेर काढला आणि पुढच्या खोक्याला बसविला.