घोडा का अडला?

भाकरी का करपली, घोडा का अडला, विड्याची पानं का सडली? या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर आपण शाळेत असताना ऐकलेलं असतं - फिरवलं नाही म्हणून. भाकरी आणि पानांचं ठीक आहे हो, ती कशीही फिरवा. घोड्याच्या बाबतीत मात्र 'कसा फिरवायचा' हा मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्या माणसाला चाबुकस्वार म्हणायचे. नावातच चाबूक, त्यामुळे पद्धत काय असायची ते वेगळं सांगायला नको :)

आजचा विषय आहे या चाबकाला पर्याय शोधणारे लोक. अमेरिकेत या प्रकाराला 'नॅचरल हॉर्समनशिप' म्हणतात. मराठीत सांगायचं तर घोड्याच्या कलाने घेणं. आणि त्यातही मला रस आहे तो लहान मुलं आणि त्यांच्या तट्टांमध्ये. का, ते पुढे येईलच.

सुरुवात बरीच मागून करावी लागते. इसवी सनापूर्वी साधारण ३५० च्या सुमारास अथेन्सच्या झेनोफोनने घोड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. हा सॉक्रेटिसचा शिष्य, आणि पेशाने सैनिक. त्याचं म्हणणं असं की शिंगराला माणसाची ओळख भूक भागवणारा, तहान भागवणारा, अंगावरच्या माश्या उडवणारा अशी व्हायला हवी. रागाच्या भरात घोड्याच्या जवळ जाऊ नये. मारून करवून घेतलेली गोष्ट घोड्याला कळलेली नसते, नर्तकाला फटके मारून नाचवलं तर तो जसा नाचेल तसंच ते. म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वी मूळ मुद्दा लिहून झाला होता! मग तो अंगी का बाणला नाही?

याचं उत्तर मला वाटतं अगदी रोकडं आहे. वेळ. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि पश्चिमेकडे गुरांचे मोठमोठे कळप हाकण्याचा धंदा जोरात सुरू झाला. त्याला घोडे लागायचे ढिगाने, आणि घोडे होते स्वस्त. एकेका घोड्यावर महिनोन् महिने कोण घालवणार? दोर टाकून पकडायचा, खोगीर आवळायचं, वर बसायचं आणि तो उड्या मारून दमेपर्यंत बसून राहायचं. याला शब्दच होता 'ब्रेकिंग', म्हणजे मोडणं. 'डेडलाइन'पायी काय काय होतं हे आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मोडण्याला पर्याय म्हणून गाजलेला पहिला माणूस त्या आधीचा, ओहायोचा जॉन रेरी. १८५८ साली त्याने इंग्लंडमध्ये धमाल उडवून दिली. राणी व्हिक्टोरियासमोर प्रयोग झाले. 'क्रूझर' नावाचा कोणालाही जवळ येऊ न देणारा घोडा त्याने काही तासांत शांत केला. लोकांना जादू वाटली. रेरी काय करायचा? घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा, हळूहळू त्याला जमिनीवर आडवा व्हायला लावायचा आणि मग अंगभर हात फिरवायचा. फटका एकही नाही. त्या काळाच्या मानाने हे फार दयाळू होतं. पण पळून जगणाऱ्या जनावराला पळताच येत नाही अशा अवस्थेत आणलं की ते प्रयत्न सोडून देतं. शांत झालेला घोडा आणि हार मानलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. हा घोळ लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरा धागा जर्मनीतला. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा घोडा हान्स गणितं सोडवायचा, उत्तर टापा मारून द्यायचा. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टने पद्धतशीर चाचण्या घेतल्या आणि १९०७ साली उलगडा छापला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नसे! बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं अगदी जरासं हलायचं, अंग सैल व्हायचं, आणि तेवढ्यावर हान्स टापा थांबवायचा. लोक म्हणाले, हात्तिच्या, घोड्याला गणित येत नाही तर. खरं तर केवढी मोठी गोष्ट सापडली होती! माणसाला स्वतःलाही कळत नाहीत अशा त्याच्या हालचाली घोडा वाचतो.

नेमकी हीच गोष्ट धरून काम करणारे लोक अमेरिकेच्या पश्चिमेला होते. टॉम डोरन्स (१९१० ते २००३) आणि त्याचा थोरला भाऊ बिल, दोघे ओरेगॉनचे. त्यांच्यामागे कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश गुराख्यांची, म्हणजे वाकेरोंची, जुनी परंपरा होती. त्यात घोडा तयार करायला वर्षं लागली तरी चालायचं. टॉमकडून रे हंट शिकला आणि १९७०च्या दशकापासून गावोगाव शिबिरं घेऊ लागला. पॅट पॅरेलीने हे सगळं टप्प्याटप्प्यांत बसवलं, १९९३ साली पुस्तक काढलं आणि 'नॅचरल हॉर्समनशिप' हे नाव घरोघरी पोचलं.

रे हंटचा शिष्य बक ब्रॅनमन. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लहानपणी तो आणि त्याचा भाऊ दोरीचे खेळ करून दाखवायचे आणि घरी बाप त्यांना बेदम मारायचा. शाळेतल्या फुटबॉलच्या प्रशिक्षकाला त्याच्या पाठीवरचे वळ दिसले, म्हणून ही मुलं सुटली आणि दुसऱ्या कुटुंबात गेली. तिथल्या नव्या वडिलांनी काय केलं? मुलाला हातमोजे दिले आणि सोबत कुंपण दुरुस्त करायला घेऊन गेले. उपदेश नाही, काही नाही. २०११ साली निघालेल्या 'बक' या माहितीपटात तो हे स्वतः सांगतो. घाबरलेल्या घोड्याला काय वाटत असेल हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

आता मुलांकडे येऊ. इंग्लंडमध्ये पोनी क्लब १९२९ साली सुरू झाला आणि मुलांना घोडेस्वारी शिकवण्याची एक शिस्त तयार झाली. पण प्रत्यक्षात काय दृश्य दिसायचं, ते नॉर्मन थेलवेलच्या १९५३ पासूनच्या व्यंगचित्रांत आहे. गोलमटोल तट्टू, वर टिचभर मुलगी. तट्टू आपल्याला हवं तेच करतंय आणि स्वारीण हतबल! यावर मोठ्यांचा ठरलेला सल्ला असायचा - "अजून जोरात मार, मालक कोण ते दाखव त्याला."

यात बग कुठे आहे? घोडा टाचेच्या दाबाने शिकत नाही, दाब थांबल्याने शिकतो. पाऊल उचललं आणि त्याच क्षणी टाच सैल पडली, तर त्याला कळतं की बरोबर उत्तर हे होतं. मूल मात्र तट्टू थांबलेलं असताना टाचा मारतं आणि चालू लागल्यावरही मारतच राहतं. मग तट्टाच्या लेखी टाच म्हणजे नुसता आवाज. पंख्याची घरघर जशी आपल्याला ऐकू येईनाशी होते, तसंच. म्हणजे कोड्याचं उत्तर थोडं बदलायला हवं. घोडा अडला तो फिरवला नाही म्हणून नाही, तर फिरल्यावर त्याला "शाबास, हेच हवं होतं" असं कोणी सांगितलं नाही म्हणून.

म्हणून या पद्धतीत मुलाला आधी वर बसवतच नाहीत. हेल्मेट घालून जमिनीवरच काम. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घोड्याच्या थेट मागे उभं राहायचं नाही, कारण त्याला जवळजवळ चहूकडचं दिसत असलं तरी नेमकं पाठीमागचं दिसत नाही. पॅरेलीच्या सात खेळांतला एक आहे 'पोर्क्युपाइन', म्हणजे साळिंदर. बोटाने तट्टाला मागे सरकवायचं. दाब चार पायऱ्यांनी वाढवायचा - आधी फक्त केसांना, मग कातडीला, मग स्नायूला, मग हाडाला. आणि तट्टाने नुसतं अंग मागे झुकवलं तरी बोट लगेच काढायचं. पुढच्या वेळी दुसऱ्या पायरीवरच काम होतं, मग पहिल्या. अंगावर बसलेली माशी ज्याला कळते त्याला बोट कळणारच की.

मुलंच का, ते आता सांगतो. दणकट माणूस ताकद लावून वेळ मारून नेऊ शकतो आणि आपली पद्धत बरोबर आहे अशा भ्रमात आयुष्य काढू शकतो. पंचवीस किलोच्या पोराला दोनशे किलोच्या तट्टासमोर ती सोयच नाही. त्याला समजून घेणं भाग आहे. माझ्या मते या पद्धतीची खरी परीक्षा मुलांच्याच हातात होते.

पण हुरळून जायला नको. गोल कुंपणात घोड्याला पळवत ठेवायचं, आणि तो माणसाकडे वळला की पाठलाग थांबवायचा, असा एक लोकप्रिय प्रकार आहे. घोडा शेवटी माणसाच्या मागे मागे येतो आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. त्याने म्हणे माणसाला कळपाचा म्होरक्या मानलं! २०१२ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार ठेवून हेच केलं. घोडे मोटारीकडेही वळले. त्यांना म्होरक्या सापडला नव्हता, पाठलाग थांबायला हवा होता. रेरीच्या वेळचा घोळ पुन्हा तोच. नाव 'नॅचरल' ठेवलं म्हणून दाब नाहीसा होत नाही. तो किती, किती वेळ, आणि कधी थांबला एवढंच विचारायचं.

मुलांना हे शिकवावं असं मला म्हणूनच वाटतं. 'घोडा तुझ्यावर प्रेम करतो' ही गोड गोष्ट सांगून मोकळं होऊ नये. तू धरलेला दाब त्याला जाणवतो आणि तो कधी सोडायचा हे तुझ्या हातात आहे, हे सांगावं. आपल्याहून दुबळ्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या कोणाशीही वागताना आयुष्यभर उपयोगी पडेल असं हे ज्ञान आहे.

आपल्याकडे बहुतेक मुलं घोड्यावर पहिल्यांदा बसतात ती माथेरानला, कारण तिथे मोटारींना बंदी आहे. दोरी घोडेवाल्या काकांच्या हातात आणि मूल वर पोत्यासारखं. पुढच्या खेपेला चढण्याआधी दोन मिनिटं काढा. काकांना घोड्याचं नाव विचारा, त्यांच्या परवानगीने मुलाला खांद्याच्या बाजूला उभं करा, हाताचा वास घेऊ द्या, मग मानेवर हात ठेवू द्या. घोड्याने मान वळवली तर मुलाला हात काढायला सांगा. पहिला धडा तेवढाच.