मेसोअमेरिकन कालगणना व मानवयुगे

मेक्सिकोच्या मध्यभागापासून ग्वातेमाला, बेलीझ व होन्डुरासपर्यंतच्या प्रदेशात (मेसोअमेरिका) स्पॅनिश आक्रमणापूर्वी नांदलेल्या माया, ॲझटेक इत्यादी समाजांची दिवसगणना व तिच्यावर आधारलेली मानवयुगांची कल्पना. या गणनेचा गाभा २६० दिवसांचे चक्र हा होय. त्यात १ ते १३ हे अंक आणि मगर, वारा, घर, सरडा यांसारखी २० दिवसचिन्हे वार व तिथीप्रमाणे जोडीने पुढे सरकतात आणि तीच जोडी २६० दिवसांनी पुन्हा जुळते. शेजारी २० दिवसांचे १८ महिने व अशुभ मानलेले ५ दिवस असे ३६५ दिवसांचे वर्ष चाले. दोन्ही चक्रे १८,९८० दिवसांनी, म्हणजे ५२ वर्षांनी, मूळ जागी येत. ॲझटेक लोक या क्षणाला ‘वर्षांची मोळी बांधणे’ म्हणत.

मोळी बांधली की जग टिकेलच, अशी त्यांना खात्री नसे. त्या रात्री घरोघरच्या चुली विझवल्या जात, गर्भवती स्त्रियांना कणग्यांत कोंडत आणि झोपली तर उंदीर होतील या भीतीने मुलांना जागे ठेवीत. कृत्तिका मध्यरात्री माथ्यावरून पुढे सरकल्या, की विशाच्त्लान टेकडीवर बळी दिलेल्या बंदिवानाच्या छातीवर पुरोहित अग्निमंथन करी आणि तो अग्नी गावोगाव नेला जाई. असा अखेरचा विधी १५०७ मध्ये झाला.

ॲझटेक पुराणकथेनुसार आजचे जग पाचवे असून प्रत्येक युगास ‘सूर्य’ म्हणत व ज्या दिवशी ते बुडाले त्या दिवसाचे नाव त्यास देत. पहिल्या युगातील माणसांना जॅग्वारांनी खाल्ले, दुसऱ्यातील वादळात सापडून माकडे झाली, तिसऱ्यावर अग्निवर्षाव होऊन त्यांचे टर्की पक्षी झाले आणि चौथ्यातील महापुरात मासे झाली. पाचवे भूकंपाने संपावयाचे आहे. १५५८ च्या एका नाहुआत्ल हस्तलिखितात पहिल्या चार युगांची वर्षे अनुक्रमे ६७६, ३६४, ३१२ व ६७६ दिली असून ती सर्व ५२ च्या पटीत आहेत. म्हणजे प्रलयाची कथाही पंचांगाच्या हिशेबातच बसवलेली होती. १७९० मध्ये मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात सापडलेल्या, सुमारे ३.६ मी. व्यासाच्या सूर्यशिळेवर मध्यवर्ती मुखाभोवतीच्या चार चौकटींत हीच चार युगे कोरली आहेत.

मायांची दीर्घगणना ही भारतीय ज्योतिषातील अहर्गणासारखी, एका आरंभदिनापासूनची दिवसमोजणी असून १,४४,००० दिवसांचा एक बाक्तून, असे १३ बाक्तून इ. स. पू. ३११४ पासून मोजले असता २१ डिसेंबर २०१२ हा दिवस येतो. आरंभवर्ष कलियुगारंभाच्या (इ. स. पू. ३१०२) जवळपास पडते, यावरून जोडलेल्या नात्यास मात्र पुरावा नाही, शिवाय युगागणिक धर्माचा ऱ्हास ही कल्पना पंचसूर्यकथेत मुळातच नाही. २०१२ च्या जगबुडीचा गाजावाजा आधुनिक होता. तोर्तुगेरो येथील शिलालेखात त्या दिवसाचा उल्लेख आहे, पण तो एका देवतेच्या आगमनासंबंधी आहे, तर पालेंके येथील राजा पाकालच्या लेखात थेट इ. स. ४७७२ मधील तिथी नोंदलेली आहे. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील किचे मायांचे दिवसगणक २६० दिवसांचे चक्र आजही मोजतात.