चाळीस सेकंदांनी बंद न होणारा पंप

५ मार्च २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘विक्रम-३२०१’ आणि ‘कल्पना-३२०१’ हे भारतीय बनावटीचे दोन मायक्रोप्रोसेसर इस्रोच्या स्वाधीन करण्यात आले. पैकी ‘विक्रम-३२०१’ हा २००९ पासून आपल्या प्रक्षेपणयानांत वापरात असलेल्या सोळा बिटांच्या ‘विक्रम-१६०१’चा बत्तीस बिटांचा उत्तराधिकारी होय. बातम्यांत ‘बत्तीस बिट’ हे शब्द वारंवार आले. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच सांगितला गेला. मायक्रोकंट्रोलरवर पहिला प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो अर्थ फार लवकर, आणि बहुधा चुकीतूनच, कळतो.

अर्दुइनो उनो या बोर्डवर पाण्याचा पंप जोडला आहे असे समजा. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले हे सांगणारे ‘मिलिस’ नावाचे फंक्शन त्यात तयार मिळते. विद्यार्थी तो आकडा ‘इंट’ प्रकारच्या चलात ठेवतो आणि लिहितो : आकडा ४०,००० झाला की पंप बंद कर. प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो, पंप सुरू होतो. पण तो बंद कधीच होत नाही. उनोवरील ‘इंट’ सोळा बिटांचा असतो. चिन्हासह त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यापुढचा आकडा ३२,७६८ न होता उणे ३२,७६८ होतो. चाळीस हजार ही संख्या त्या चलात अवतरणेच शक्य नाही.

हा दोष विद्यार्थ्याचा म्हणावा की भाषेचा? १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली, तेव्हा ‘इंट’ म्हणजे त्या त्या यंत्राला सहज पेलणारी संख्या, असा व्यवहार ठरला. ज्या पीडीपी-११ संगणकावर ही भाषा वाढली, तो सोळा बिटांचा होता. पुढे १९८९ च्या प्रमाणीकरणातही ‘किमान सोळा बिट’ एवढेच बंधन राहिले. म्हणूनच वरचा प्रोग्राम सी-डॅकच्या बत्तीस बिटी ‘तेजस-३२’ या मायक्रोकंट्रोलरवर चालवला, तर पंप बरोबर चाळीस सेकंदांनी थांबेल. प्रोग्राम तोच, यंत्र निराळे, उत्तर निराळे. आपल्या अनेक पाठ्यपुस्तकांत डेटा टाइपचा तक्ता पहिल्याच प्रकरणात येतो आणि परीक्षेपुरता पाठ होतो. तो तक्ता कोणत्या यंत्राचा आहे, हे तिथे लिहिलेले नसते. प्रस्तुत लेखकाला त्याचे आश्चर्य अजून वाटते.

बिटांची ही काटकसर हौसेची नव्हती. १९७४ मध्ये बाजारात आलेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस-१००० चार बिटांचा होता. गणकयंत्रातील एक दशमान अंक चार बिटांत मावतो, तेवढे पुरेसे होते. भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान् पिढ्या परिचित असलेला इंटेलचा ८०५१ हा १९८० चा. त्यात चलांसाठी अवघी १२८ बाइट जागा. बत्तीस बिटांची एक संख्या चार बाइट खाते. अशा बत्तीस संख्या ठेवल्या की कोठार भरले.

या काटकसरीची सर्वांत महाग आठवण ४ जून १९९६ ची आहे. फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियान-५ हे यान पहिल्यांदा झेपावले आणि सुमारे चाळीस सेकंदांत मार्ग सोडून नष्ट झाले. त्यासोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले. दिशादर्शक प्रणालीतील क्षैतिज वेगाशी निगडित एक संख्या चौसष्ट बिटांच्या दशांशरूपातून सोळा बिटांच्या पूर्णांकात ओतली जात होती. एरियान-४ च्या उड्डाणात ती मावत असे. एरियान-५ चा मार्ग वेगळा, त्यावर क्षैतिज वेग झपाट्याने वाढे; संख्या मावेनाशी झाली आणि प्रणाली बंद पडली. राखीव प्रणालीत तोच प्रोग्राम होता, ती काही मिलिसेकंद आधीच बंद पडलेली! चौकशी अहवालातील एक तपशील तर मन खिन्न करतो : धोका संभवणारी अशी सात चले ओळखली गेली होती. प्रोसेसरवरील भार मर्यादेत राहावा म्हणून त्यांपैकी चारांनाच संरक्षण दिले गेले. शिवाय तो हिशेब उड्डाणानंतर निरुपयोगीच होता. जुन्या यानाच्या गरजेपोटी तो चालू ठेवला होता.

तेव्हा बत्तीस बिटांनी सारे प्रश्न मिटतात असे नव्हे. ‘विक्रम-३२०१’ दशांश संख्यांची गणिते स्वतः करतो, अडा भाषेला आधार देतो, आणि डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत तो अवकाशात पारखला गेला आहे. परंतु एरियान-५ चा प्रोग्रामही अडा भाषेतलाच होता.

आपल्या पंपाकडे परतू. विद्यार्थ्याने चल चिन्हविरहित बत्तीस बिटांचे घेतले, तर मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ मिलिसेकंदांवर जाते, म्हणजे सुमारे ४९.७ दिवस. १ जूनच्या मध्यरात्री सुरू केलेले यंत्र २० जुलैला सायंकाळी पाच वाजून गेल्यावर पुन्हा शून्यापासून मोजू लागेल. त्या क्षणी पंप चालू असेल आणि प्रोग्रामात ‘आरंभाची वेळ अधिक चाळीस हजार’ अशी बेरीज करून तुलना केलेली असेल, तर हिशेब चुकेल. ‘आताची वेळ वजा आरंभाची वेळ’ अशी चिन्हविरहित वजाबाकी केली, तर शून्य ओलांडूनही उत्तर बरोबर येते आणि पंप वेळेवर थांबतो.