नाडेप कंपोस्ट

काडीकचरा, शेण आणि माती विटांच्या जाळीदार टाक्यात थरावर थर देऊन कुजवण्याची खतपद्धत. पुसद (जि. यवतमाळ) येथील ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी ती बसवली. ती जन्मली शेतासाठी. पण ओला कचरा गावाबाहेर नेऊन ओतण्याऐवजी त्याचे विकाऊ खत करू पाहणाऱ्या लहान नगरांनाही ती लागू पडते. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागातील मारेगाव हे असेच तालुक्याचे गाव आहे.

टाके साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. नऊ इंची भिंतीत ठरावीक अंतराने फटी ठेवतात. त्यांतून हवा खेळते, म्हणून ढीग उलथापालथा करावा लागत नाही. एका टाक्याला सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि १,७५० किलो चाळलेली कोरडी माती लागते. शेण इतके थोडे पुरते, हेच या पद्धतीचे मोठेपण. कुजताना सुटणारा अमोनिया माती धरून ठेवते. वरून शेणमातीने लिंपतात. पंधरा-वीस दिवसांत थर खचला की पुन्हा भरून बंद करतात. ९० ते १२० दिवसांत एका टाक्यातून अंदाजे तीन टन खत निघते.

हाच कचरा डम्पिंग ग्राउंडवर दाबला गेला तर हवेअभावी त्यातून मिथेन सुटतो आणि काळे पाणी जमिनीत मुरते. मुंबईच्या देवनार क्षेपणभूमीवर जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण होऊ न शकणाराच कचरा क्षेपणभूमीत पाठवण्याचे बंधन घातले.

खताच्या व्यापाराची खरी अडचण कुजवण्यात नाही, विकण्यात आहे. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किमान ०.८ टक्के नत्र आणि १२ टक्के सेंद्रिय कर्ब हवा. म्हणजे टनामागे नत्र आठ किलो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत ते २० किलोंहून जास्त असते. तेवढ्या नत्रासाठी अडीच टन कंपोस्ट वाहून न्यावे लागते. लांबच्या वाहतुकीत नफा संपतो. जमिनीला कर्ब देणारे, पाणी धरून ठेवणारे म्हणून कंपोस्टचे मोल नत्रापलीकडचे आहे, पण गोणीची किंमत ठरवताना ते धरले जात नाही. केंद्राने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टला टनामागे १,५०० रुपये विपणन साहाय्य जाहीर केले; महाराष्ट्र शासनाने ‘हरित’ ही नाममुद्रा आणली. दोन्ही पावले योग्य होती. तरीही काच आणि प्लॅस्टिकचे तुकडे निघालेले खत शेतकरी दुसऱ्यांदा घेत नाही. घरोघरी ओला-सुका वेगळा झाल्याशिवाय अनुदानाने बाजार उभा राहत नाही.

मारेगाव परिसरात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. वेचणी संपली की पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, प्रश्न उरतो. ती पेटवली की कर्ब धुरात जातो. पऱ्हाटीत कर्ब भरपूर पण नत्र व ओलावा कमी; भाजीबाजार आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नेमके उलटे. कुजण्यासाठी कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० हवे, आणि बारीक केलेली पऱ्हाटी ओल्या कचऱ्यात मिसळली तर ते साधता येते. एकटी पऱ्हाटी वर्षभर तशीच पडून राहते, एकटा ओला कचरा घाण मारतो.

सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगर परिषदेने काटेकोर वर्गीकरणाच्या जोरावर आपल्या कचराभूमीचे उद्यान केले. म्हणजे लहान गावाला हे झेपते. मारेगावला तर गिऱ्हाईक शिवारातच आहे. खत एका बैलगाडीच्या अंतरावर विकले जाणार असेल तर वाहतुकीचा तोटा उरत नाही, आणि म्हणून हा व्यवसाय महानगरापेक्षा अशा गावी आधी फायद्यात येऊ शकतो.