पाठांतर आणि श्रवणभ्रंश : गणपतीच्या आरतीतील काही पाठ

मराठीत ‘पाठांतर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मुखोद्गत करणे हा एक आणि ग्रंथाचा वेगळा पाठ हा दुसरा. जे मुखोद्गत होते ते थोडेफार बदलतेच, हा शतकानुशतकांचा अनुभव या एका शब्दात साठलेला दिसतो. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध केली, तेव्हा त्यांनीही याच शब्दाचा आश्रय घेतला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, बिघाड पाठांतरात झाला, असे त्यांचे म्हणणे.

पुढील पाठचिकित्सेने मात्र लेखकूच्या डोळ्याकडे जितके लक्ष दिले तितके गाणाऱ्याच्या कानाकडे दिले नाही. गळलेली ओळ, पुन्हा लिहिलेला शब्द, सारखी दिसणारी अक्षरे यांची वर्गवारी झाली. कानाचे दोष बहुधा अशिक्षितांचे विनोद म्हणून सोडून देण्यात आले. इंग्रजीत अशा चुकीच्या ऐकण्याला १९५४ मध्ये सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने ‘माँडेग्रीन’ असे नाव दिले. बालपणी ऐकलेल्या एका स्कॉटिश पोवाड्यातील शब्द जोडले जाऊन त्यांतून तिच्या कानी एक नसलेली सरदारपत्नी उभी राहिली होती. तिथेही प्रकरण प्रथम विनोदाचेच होते. मराठीत यासाठी ‘श्रवणभ्रंश’ हा शब्द चालण्यास हरकत नसावी.

महाराष्ट्रात श्रवणभ्रंशाचे सर्वांत परिचित क्षेत्र म्हणजे परंपरेने समर्थ रामदासांची (१६०८–१६८१) मानली जाणारी गणपतीची आरती. तिच्या शेवटच्या एका कडव्यात तीन ठिकाणी समुदाय निराळे शब्द म्हणतो. ‘फणिवरबंधना’च्या जागी ‘फळीवर वंदना’, ‘सदना’च्या जागी ‘सजणा’ आणि ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’. या चुकांना हसणे सोपे आहे. पण त्या नेमक्या याच तीन जागी का पडाव्यात, हा प्रश्न भाषेच्या इतिहासाचा आहे.

‘संकटी’ हे जुन्या मराठीतील सप्तमीचे रूप. हा ईकारान्त प्रत्यय आज ‘घरी’, ‘दारी’, ‘सकाळी’ अशा मोजक्या शब्दांत गोठून राहिला आहे; इतरत्र त्याची जागा ‘संकटात’ यासारख्या रूपांनी घेतली. आजच्या श्रोत्याला ‘संकटी’ हा सुटा शब्द ओळखीचा नाही. ‘संकष्टी’ मात्र दर महिन्याच्या वद्य चतुर्थीला घरोघर उच्चारला जाणारा शब्द, आणि तोही गणपतीच्याच उपासाचा. एक मात्रा वाढते खरी, परंतु टाळांच्या गजरात ती सहज जिरते. संकष्टीच्या दिवशी देवाने प्रसन्न व्हावे, हा अर्थही बरा लागतो. जुन्या छपाईत ‘संकटीं’ असा अनुस्वार वाचकाला विभक्ती दाखवून देत असे. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढल्यावर डोळ्यालाही ती खूण उरली नाही. कानाला ती त्यापूर्वीही नव्हती.

‘सदना’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘गावा जाणे’ या प्रयोगाप्रमाणे हेही प्रत्ययाविना वापरलेले सामान्यरूप, अर्थ ‘घरी’. कडव्याच्या चारही ओळींचा शेवट ‘ना’ने होतो. त्यांपैकी तीन शब्द देवाला उद्देशून संबोधने आहेत. ‘सदना’ हे एकटेच संबोधन नव्हे. तीन हाकांच्या मेळात सापडलेला हा चौथा शब्द कानाने हाक म्हणूनच ऐकला आणि भाषेत तयार असलेले संबोधन, ‘सजणा’, तेथे बसवले. स्वर तेच, मात्रा तितक्याच. ‘सजणा’तील ज दंत्य असल्याने द पासून फार दूर नाही. मधुरा भक्तीच्या आधारे या पाठाचे समर्थन करता येईल असे कोणास वाटेल. पण त्याच ओळीत कवी स्वतःला रामाचा दास म्हणवितो, आणि दास धन्याला ‘सजणा’ म्हणत नाही.

‘फणिवरबंधना’ म्हणजे श्रेष्ठ नागाचा पट्टा बांधलेल्या देवा. समास लांब, संदर्भ पुराणातला. ण आणि ळ हे दोन्ही मूर्धन्य वर्ण, त्यामुळे ‘फणी’ची ‘फळी’ होते. कडव्याच्या अखेरचा ‘वंदना’ हा शब्द मागे सरकून ‘बंधना’ची जागा घेतो. देव घरातल्या फळीवर बसलेला असतो, हे मुलाला पुराणापेक्षा जास्त खरे वाटले तर नवल नाही. शंकराच्या आरतीतील ‘लवथवती’चे ‘लवलवती’ होते तेही याच न्यायाने : पहिले क्रियापद व्यवहारातून गेले, दुसरे राहिले.

अर्थात प्रत्येक बदल श्रवणभ्रंश नव्हे. आरतीनंतर म्हटल्या जाणाऱ्या समर्पणाच्या संस्कृत श्लोकात भागवताच्या अकराव्या स्कंधातील ‘करोति’चे ‘करोमि’ आणि ‘समर्पयेत्’चे ‘समर्पयामि’ झाले आहे. तेथे कान चुकलेला नाही. भक्ताने कसे वागावे हे सांगणारा श्लोक भक्ताने स्वतःच्या तोंडी घेतला, आणि दोन्ही क्रियापदे व्याकरणशुद्ध राहून एकाच दिशेने बदलली. श्रवणभ्रंशात अशी सुसंगती आढळत नाही. तो शब्दापुरता पाहतो, वाक्याची पर्वा करीत नाही.

हा भेद संपादकाच्या कामाचा आहे. दोन पाठांपैकी अवघड तो प्राचीन, हे तत्त्व महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या निमित्ताने वि. स. सुकथनकरांनी (१८८७–१९४३) येथील अभ्यासकांच्या परिचयाचे केले. आरतीला ते लावले की ‘सदना’ आणि ‘संकटी’ यांचा निर्णय चटकन होतो. ‘बंधना’ची गोष्ट तितकी सरळ नाही. १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाने आरती देवघरातून मांडवात आणली. घरात चुकीचा शब्द ऐकून थांबविणारी आजी असे. मांडवात शेजाऱ्याचा आवाज हाच गुरू. त्यानंतर स्वस्त आरतीसंग्रह आले आणि त्यांतील कित्येकांत ‘फणिवरवंदना’ असेच छापलेले आहे. हा पाठ ‘फळीवर’ इतका हास्यास्पद नाही. ओढूनताणून अर्थ लागतो, म्हणून तो तपासलाही जात नाही. पुस्तिका पाहून पाठ करणाऱ्याने तो बरोबरच वाचलेला असतो.